लाह्यांचा मेळावा : योजना आणि दक्षता

मुलांचा मेळावा म्हटला म्हणजे खाऊ आला, आणि खाऊ म्हटला म्हणजे खर्च आला, अशी एक समजूत प्राथमिक शाळांतून रूढ होऊ पाहत आहे. २०२४ साली राज्यात ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू झाल्यापासून पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही तरी मुलांस द्यावे, ही जाणीव शिक्षकवर्गात वाढीस लागली आहे व ती स्तुत्यच आहे. परंतु काय द्यावे, हा प्रश्न पडला की दृष्टी सहजच शहराकडे वळते. शहरांतून मुलांच्या वाढदिवसाला पॉपकॉर्नची मेजवानी देण्याची टूम निघाली आहे. रंगीत कागदाच्या पुड्या, भिंतीवर पुड्यांचीच चित्रे, आणि आत मक्याच्या लाह्या. हीच कल्पना एका खेड्यातील शाळेने उचलली. बाजारातून तयार पाकिटे आणली, प्रत्येक मुलास एकेक दिले. पंधरा मिनिटांत पाकिटे रिकामी झाली आणि दुपारचा उरलेला वेळ पटांगणात उडालेले प्लॅस्टिक वेचण्यात गेला. मुलांनी लाही खाल्ली. परंतु लाही होताना एकाही मुलाने पाहिली नाही. मेळाव्याचा सारा जीव ज्या तडतडण्यात होता तेच नेमके कारखान्यात राहून गेले.

वास्तविक कल्पना वाईट नव्हती. लाहीसारखा स्वस्त, हलका आणि मुलांस हटकून आवडणारा खाऊ दुसरा क्वचितच असेल. तो शाळेच्या आवारात, मुलांच्या देखत तयार करता येतो. त्यात शास्त्र आहे, गणित आहे, भाषा आहे. आणि महाराष्ट्रातील खेड्याला तर लाही मुळीच परकी नाही. नागपंचमीला घरोघर ज्वारीच्या लाह्या फुटतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे लागतात. लग्नात नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो तो लाजाहोम. ‘लाजा’ हे संस्कृत नाव आणि आपली ‘लाही’ ही एकाच घरची. उपवासाला राजगिऱ्याच्या लाह्यांचा लाडू असतो. उन्हाने अंगाची लाहीलाही होते, आणि एखादी व्यक्ती न थांबता बोलू लागली की लाह्या फुटल्यासारखी बोलते असे आपण म्हणतो. इतकी जवळची वस्तू पाकिटातून विकत आणण्याचे कारण काय?

मेळाव्यासाठी नागपंचमीच्या आसपासचा शनिवार निवडणे सोयीचे असते. घरोघर त्या दिवसांत लाह्यांची वार्ता असते. मात्र मेळावा हा मेळावाच ठेवावा, पूजा करू नये. शाळेत सर्व धर्मांची व जातींची मुले असतात आणि लाही सर्वांच्याच घरी खाल्ली जाते. शिवाय ज्या घरांत नागपंचमीला चिरणे, तळणे, तवा ठेवणे वर्ज्य मानतात, तेथील मुले त्या दिवशी चुलीपाशी यावयास कचरतील. म्हणून सण टाळून आधीचा वा नंतरचा शनिवार घ्यावा. नागाला दूध-लाह्या देण्याचा विषय मुले काढणारच. तेव्हा साप हा मांसाहारी प्राणी असून दूध हे त्याचे अन्न नव्हे, एवढे दोन वाक्यांत सांगून पुढे जावे.

आता मुख्य गोष्ट. लाही का फुटते, हे शिक्षकाला नीट ठाऊक नसेल तर मेळाव्याची फजिती होण्याचा संभव असतो. एका दोनशिक्षकी शाळेतील उदाहरण बोलके आहे. तेथील गुरुजी मोठे कामसू. लाह्या चांगल्या खुसखुशीत व्हाव्यात म्हणून त्यांनी ज्वारी दोन दिवस कडकडीत उन्हात वाळविली. शनिवारी मुले गोलाकार बसली. कढई तापली, मूठभर दाणे पडले, आणि सर्व मुले श्वास रोखून पाहू लागली. दाणे तांबूस झाले, मग काळे झाले, करपल्याचा वास सुटला. परंतु चार-दोन दाणे सोडले तर काही फुटेना. मागे बसलेली मोठी मुले हसू लागली. दुसरी मूठ, तिसरी मूठ, तीच गत. अखेर शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंच्या वृद्ध सासूबाई दारापाशी उभ्या होत्या, त्या पुढे आल्या व म्हणाल्या, “गुरुजी, ऊन दावलं व्हय दाण्यास्नी? अवो, पानी पाजल्याबिगर दाना फुलतोय व्हय?” गुरुजींनी मोकळ्या मनाने म्हटले, “आजी, मग पुढच्या शनिवारी तुम्हीच शिकवा आम्हांला.” पुढच्या शनिवारी आजी आल्या व कढई लाह्यांनी भरून गेली.

आजींच्या एका वाक्यात सारे शास्त्र आलेले आहे. दाणा फुटतो तो त्याच्या पोटातील पाण्याने. लाह्यांच्या मक्याच्या चांगल्या दाण्यात वजनाच्या सुमारे चौदा टक्के पाणी असते. दाण्याचे बाहेरचे कवच कठीण आणि गच्च असते. आत पिष्टमय गर असतो. दाणा तापू लागला की पाण्याची वाफ होऊ पाहते, परंतु बाहेर पडण्यास वाट नसते. मोकळ्या भांड्यातील पाणी शंभर अंशांवर उकळून निघून जाते. दाण्यात कोंडलेले पाणी शंभरच्या पुढेही तापतच राहते. त्या उष्णतेने गर मऊ, लगद्यासारखा होतो. सुमारे एकशेऐंशी अंश सेल्सिअसच्या घरात आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो आणि कवचाला तो सोसवत नाही. ते फुटते. दाब एकाएकी उतरल्याने मऊ गर फेसासारखा फुलतो, आणि बाहेरच्या हवेत क्षणात निवून जसाच्या तसा घट्ट होतो. हीच लाही. सारी घटना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते.

फ्रान्समधील दोन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ही घटना टिपली व २०१५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. दाणा उडतो तो केवळ वाफेच्या धक्क्याने नव्हे. प्रथम गराचा एक लहानसा पाय बाहेर येतो, तो भांड्याच्या बुडाला रेटा देतो, आणि दाणा कोलांटी घेतल्याप्रमाणे वर जातो, असे त्यांना दिसून आले. ‘तड’ हा आवाजही कवच तडकण्याचा नसून कोंडलेली वाफ सुटण्याचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कोलांटीची गोष्ट मुलांना सांगून पाहावी. लहान वर्गातील मुले ती लागलीच करून दाखवतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. दाणा फार वाळला की वाफ पुरेशी होत नाही व तो नुसता भाजतो. आणि कवचाला बारीकसे जरी छिद्र वा चीर असली तरी वाफ हळूहळू निसटून जाते, दाब चढत नाही, दाणा फुटत नाही. न फुटता राहिलेल्या दाण्याला पुष्कळ भागांत ‘गणंग’ म्हणतात. हा शब्द दुर्दैवाने वर्गातही शिरला आहे. मागे पडणाऱ्या मुलाला उद्देशून तो वापरला जातो, कधी मुलांकडून, कधी त्यापेक्षा मोठ्यांकडून. लाह्यांच्या मेळाव्यात तो शब्द हटकून निघेल, आणि वर्गातील चार डोळे एका विशिष्ट मुलाकडे वळतील. शिक्षकाने त्याच क्षणी गणंग हातात घेऊन सर्वांना प्रश्न करावा की, हा का फुटला नाही? पाणी आटले होते? कवच दुखावले होते? की त्याला आच पोहोचण्यापूर्वीच कढई उतरविली गेली? मुलांना उत्तरे शोधू द्यावीत. कढई लवकर उतरविली म्हणून राहिलेल्या दाण्यांची संख्या नेहमीच बरीच असते.

पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी यातून एक चांगला प्रयोग होतो. एकाच पिशवीतील मक्याचे पन्नास-पन्नास दाणे मोजून चार वाटे करावेत. पहिला जसाचा तसा ठेवावा. दुसरा चार-पाच दिवस उन्हात वाळवावा. तिसऱ्यातील प्रत्येक दाण्यास शिक्षकाने स्वतः टोकदार सुईने वा कानशीने एक ओरखडा कवचापार पाडावा. चौथा रात्रभर पाण्यात भिजवून वर वर पुसून घ्यावा. मग चारही वाटे एकाच कढईत, तितक्याच तेलात, एकामागून एक फोडावेत. किती फुटले, किती राहिले, शेकडा प्रमाण काय पडले, हे मुलांनी फळ्यावर मांडावे. फार भिजलेला दाणाही नीट फुलत नाही, हे चौथ्या वाट्यावरून कळते. पाणी हवे, पण बेताचे हवे. आकडे पुस्तकातल्याप्रमाणे नेटके आले नाहीत तरी ते पुसू नयेत. आला तो आकडा लिहावा व तो तसा का आला याची चर्चा करावी. याच कढईवर दुसरे गणितही होते. एक पेला दाण्यांच्या किती पेले लाह्या होतील, याचा अंदाज प्रत्येकाने आधी पाटीवर लिहावा व नंतर मोजून पाहावे. दाणे आणि त्यांच्याच लाह्या तराजूत घातल्या तर लाह्या किंचित हलक्या भरतात. वजन कोठे गेले, हा प्रश्न तिसरीच्या मुलालाही विचारण्याजोगा आहे.

धान्याची निवड हा पुढचा विचार. मुलांकडून मूठ-मूठ धान्य गोळा करावे, अशी सूचना पुष्कळदा होते. ती दिसते गोड, परंतु दोन कारणांनी गैरसोयीची आहे. घरोघरचे धान्य वेगळ्या जातीचे, वेगळ्या ओलाव्याचे असल्याने ते एकसारखे फुटत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ज्यांचे घर मजुरीवर चालते, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, अशा मुलाला मूठभर ज्वारी आणणेही अवघड जाते, आणि मूठ न आणणारे मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. म्हणून धान्य एकाच ठिकाणाहून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवल्यास किलोभर मका व दोन किलो ज्वारी देणारा गृहस्थ बहुतेक गावांत निघतो. मुलांकडून वर्गणी मुळीच घेऊ नये.

येथे एक धोका ठळकपणे सांगणे अवश्य आहे. शेतकऱ्याच्या घरी पेरणीसाठी आणलेले मका-ज्वारीचे बियाणे असते. त्याला कीड व बुरशी लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेले असते व ओळखू यावे म्हणून बहुधा तांबडा, गुलाबी, हिरवा असा रंग दिलेला असतो. पेरून उरलेले बियाणे सद्भावनेने शाळेला देण्याचा प्रसंग येऊ शकतो. असे धान्य कोणत्याही सबबीवर स्वीकारू नये. धुऊन घेतले, तापविले, म्हणून ते निर्धोक होत नाही. दाणा खाण्यासाठीच विकला जाणारा आहे याची खात्री शिक्षकाने जातीने करावी.

प्रत्येक मका लाहीचा नसतो. कणसे भाजून खाण्याचा किंवा जनावरांच्या खाद्याचा मका कढईत घातल्यास तो तडकतो, फुलत नाही. लाहीचा मका बारीक, चकचकीत व फार कठीण दाण्याचा असतो. वाण्याकडे तो वेगळा मिळतो. ज्वारीचेही तसेच आहे. लाह्यांसाठी आजीबायांच्या पसंतीची बारीक, गोल दाण्याची ज्वारी वेगळी असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने तर खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ नावाचा ज्वारीचा वाण काढला आहे. नाव कशावरून पडले हे मुले सहज ओळखतील. काहीही असो, मेळाव्याच्या आठ दिवस आधी पन्नास दाणे घरी फोडून पाहावेत. निम्म्याहून अधिक राहिले तर मक्याच्या किलोभर दाण्यांस दीड-दोन मोठे चमचे पाणी लावून, झाकणाच्या बरणीत घालून, मधून मधून हलवीत दोन-तीन दिवस ठेवावे व पुन्हा पाहावे. ज्वारीची रीत निराळी. ती आदल्या दिवशी कढत पाण्यात थोडा वेळ ठेवून उपसावी, फडक्यात गच्च बांधून रात्रभर ठेवावी आणि सकाळी सावलीत पसरून वरची ओल तेवढी जाऊ द्यावी. उन्हात नव्हे.

चाळीस मुलांना मक्याचे किलोभर दाणे पुरतात. एका वेळी शंभर ग्रॅम दाणे व दोन मोठे चमचे तेल, असे दहा घाणे काढण्यास सुमारे एक तास लागतो. जड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले घ्यावे. तेलात प्रथम दोन-तीन दाणे टाकावेत. ते फुटले की उरलेले घालून झाकण ठेवावे आणि पातेले मधून मधून हलवावे. झाकण वाफेपुरते किंचित कलते असावे, नाही तर लाह्या वातड होतात. आवाज दाट होतो, मग विरळ होतो. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की पातेले उतरवावे. मीठ व चिमूटभर हळद मागाहून लावावी. ज्वारीला तेल लागत नाही. लोखंडी कढई चांगली तापवून, लहानशी मूठ टाकून, फडक्याच्या बोळ्याने ती भराभर फिरवावी लागते. हे काम सरावाचे आहे. ते शिक्षकाने स्वतःकडे न घेता गावातील एखाद्या जाणत्या आजींकडे द्यावे व त्यांना सन्मानाने बोलावून आणावे. गावात अथवा जवळच्या बाजारात भडभुंजा असेल तर त्याच्या भट्टीवर मोठ्या मुलांची सहल न्यावी. तापलेल्या वाळूत दाणा टाकल्यास त्याला चहूंकडून सारखी आच लागते आणि नंतर वाळू चाळणीने खाली गळते, ही युक्ती पाहण्यासारखी आहे. साळीची लाही टरफलासकट भाताची होते, चुरमुरा उकडलेल्या तांदळाचा होतो, आणि पोहा फुटत नाही तर चेपला जातो, हे भेदही तेथेच कळतात.

विस्तवाच्या बाबतीत मात्र उत्साहाला आवर घालावा. चूल किंवा शेगडी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात अथवा वाऱ्याच्या आडोशाला, पक्क्या जमिनीवर असावी. तिच्याभोवती सहा फुटांवर चुन्याची रेघ ओढावी आणि रेघेच्या आत दोन मोठ्या माणसांखेरीज कोणीही जाऊ नये, मग ते सातवीतील कितीही शहाणे मूल असो. फुटणारा दाणा गरम तेलासह उडतो व तो डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून झाकण काढून पाहण्याचा हट्ट कोणाचाही पुरवू नये. मुलांना पाहता यावे म्हणून काचेचे झाकण मिळाले तर फार उत्तम. बाजूला वाळूची बादली ठेवावी. तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि ओतू नये. आच बंद करून झाकण लावावे. कोणास भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहते ठेवावे. हळद, शाई, दंतमंजन, तूप यांपैकी काहीही लावू नये, बर्फही लावू नये, आणि फोड आला असल्यास दवाखान्यात न्यावे.

दुसरा धोका विस्तवाहून शांत आहे, म्हणूनच तो ध्यानात येत नाही. मेळाव्याला शाळेतील मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडे येतात. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी त्याच आवारात असते. चार वर्षांखालील मुलाला लाही देऊ नये. मुलाच्या हातात ती मऊ व निरुपद्रवी दिसते, परंतु तिचा तुकडा आणि विशेषतः गणंग श्वासनलिकेत अडकू शकतो. या वयाच्या मुलाला तो नीट चावता येत नाही. थोरल्या बहिणीने मायेने आपल्या वाट्यातील मूठ तान्ह्या भावाच्या तोंडात घालणे, हे दृश्य प्रत्येक मेळाव्यात दिसते. म्हणून ही गोष्ट मुलांना आधी समजावून सांगावी आणि लहानग्यांचा खाऊ वेगळा व तितकाच मानाचा असावा. आपल्याकडे त्याची सोय जुनीच आहे. ज्वारीच्या लाह्या दळून त्यांचे पीठ करावे आणि दूध-गुळात सैलसर कालवून वाटीत द्यावे. ज्या आज्या लाह्या फोडतील त्याच हेही सांगतील.

मोठ्या मुलांनीही बसून खावे. लाही वर उडवून तोंडात झेलण्याची पैज, पळता पळता खाणे, खाताना हसविणे, हे कटाक्षाने बंद ठेवावे. एवढे करूनही एखाद्यास ठसका लागला आणि तो जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकता, बोलता किंवा श्वास घेता येईनासा झाला तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. अडकलेले न निघाल्यास पाठीमागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, पाच वेळा आत व वर असा दाब द्यावा, आणि हे दोन्ही आळीपाळीने चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आत बोट घालून चाचपडू नये, तुकडा आणखी खाली जातो. ठसका थांबला पण नंतर मुलाला घरघर वा सततचा खोकला लागला, तर तुकडा आत राहिल्याची शंका धरून डॉक्टरांकडे पाठवावे. हे उपाय मेळाव्याच्या आधी उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडून प्रत्यक्ष करून दाखवून घेणे इष्ट होय. ही खबरदारी कोणास अतिरेकी वाटेल. परंतु एका दुपारच्या आनंदासाठी गावाने आपली मुले शाळेच्या हवाली केलेली असतात.

खेळांविषयी फार सांगण्याचे कारण नाही. ते शिक्षकांना अधिक सुचतात. पहिली-दुसरीची मुले उकिडवी बसून दाणे होतात, शिक्षकांच्या टाळीचा वेग वाढतो तशी एकेक उडी मारून फुटतात. ज्या मुलाला उडी मारता येत नाही त्याच्याकडे टाळी द्यावी, म्हणजे सारी कढई त्याच्या हातात येते. एक घाणा सर्वांनी डोळे मिटून, अगदी निःशब्दपणे ऐकावा. दर दहा सेकंदांत किती आवाज झाले याची नोंद चौथीच्या मुलांनी ठेवावी व तिचा स्तंभालेख काढावा. मधेच उंच गेलेला आणि दोन्ही बाजूंनी उतरता असा तो आलेख बहुधा येतो. भाषेच्या तासाला ‘लाहीचे आत्मवृत्त’ लिहावयास देण्याचा मोह टाळावा. ‘मी लाही बोलत आहे’ या वाक्यानंतर मुले जे लिहितात ते लाहीलाही ओळखू येत नाही. त्यापेक्षा आज कानांनी काय ऐकले, नाकाने काय घेतले, यावर पाच वाक्ये लिहून घ्यावीत.

भूगोलासाठी एक नकाशा पुरेसा आहे. मका मूळचा मेक्सिकोकडचा. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर लाह्यांच्या मक्याची सुमारे सहा हजार सातशे वर्षांपूर्वीची कणसे उत्खननात मिळाली, असे २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. अमेरिकेतील शिकागो शहरात १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स या गृहस्थाने वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र मांडले होते, आणि १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथे सिनेमागृहांतून मक्याची लाही गरिबांचा खाऊ म्हणून पसरली. ज्वारी मात्र आफ्रिकेतून फार प्राचीन काळी भारतात आली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यात ज्वारीचा समावेश होता. मक्याच्या आणि ज्वारीच्या लाह्या एकाच परातीत शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे दोन खंडांचा प्रवास मुलांपुढे मांडता येतो. या वेळी कोणती चांगली, अशी स्पर्धा लावू नये. मक्याची आकाराने मोठी असल्याने ती जिंकणार हे ठरलेलेच असते.

वाटप पळसाच्या पानांच्या द्रोणांतून किंवा मुलांनी जुन्या कोऱ्या कागदाच्या केलेल्या पुड्यांतून करावे. छापील वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, त्याची शाई खाद्याला लागते. श्रावणात हवा दमट असल्याने लाह्या पाहता पाहता सादळतात. म्हणून तयार होतील तशा त्या घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि वाटप शेवटचा घाणा उतरल्यावर एकदमच करावे. गैरहजर मुलांचा वाटा वेगळा काढून ठेवावा व तो सोमवारी द्यावा. डब्याच्या तळाशी उरलेले गणंग वेचून काढावेत. करपलेले व तडकलेले टाकून द्यावेत. उरलेले नुसते शाबूत दिसणारे दाणे मोजून, थोडे पाणी लावून, प्रयोगासाठी बरणीत ठेवावेत आणि बरणीवर तारीख घालावी. पुढील शनिवारी त्यांतील किती फुटतात, ते पाहण्यास मुले आपण होऊन लवकर येतील.